साहसी भांडवल : मालक कोण, नोकर कोण?

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. गिरणी, गोदी, महापालिका, फेरीवाले, घरकामगार हे आपले नेहमीचे विषय. 'स्टार्टअप' काढणाऱ्या तरुणांना भांडवल कसे मिळते आणि ते देणाऱ्यांशी त्यांच्या वाटाघाटी कशा होतात, ह्याच्याशी समाजवादी कार्यकर्त्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारू शकेल. माझे उत्तर असे : मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील ज्या घरांतून एके काळी मुलगा कारखान्यात किंवा बँकेत कामाला जाई, त्याच घरांतून आज मुलगे आणि मुली अशा कंपन्यांत जात आहेत. कोणी तेथे संगणकाची आज्ञावली लिहितो, कोणी दुचाकीवरून घरोघर माल पोचवतो आणि एखादा स्वतःच कंपनी काढून बसतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर ज्या कारखान्यांच्या फाटकांवर आपल्या सभा होत, त्यांतील कितीतरी जागी आज मॉल आणि मनोरे उभे आहेत. फाटक गेले म्हणून कामगार संपला असे होत नाही. तो आता ज्या कराराखाली काम करतो, तो करार मात्र आपण वाचलेला नाही.

गेल्या काही वर्षांत माझे जुने विद्यार्थी असे करार घेऊन माझ्याकडे येतात. त्यांत कंपनी काढणारे असतात, तसे तेथे नोकरी धरणारेही असतात. दोघांचाही समज सारखाच असतो, की किती टक्के भाग आपल्या नावावर आहेत ह्यावर आपली मालकी ठरते. हा समज अपुरा आहे. मालकी टक्क्यांवर ठरते त्याहून अधिक ती कलमांवर ठरते, हेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

हे भांडवल कोठून येते?

कर्ज आणि साहसी भांडवल ह्यांतील फरक आधी स्पष्ट करू. बँक कर्ज देते तेव्हा ती तारण मागते आणि व्याज घेते. धंद्याचा नफा किती झाला ह्याच्याशी तिला कर्तव्य नसते. ज्या तरुणाजवळ तारण ठेवायला काहीच नाही, नुसती कल्पना आणि शिक्षण आहे, त्याला बँक दारात उभी करीत नाही. त्याला जो पैसा देतो तो व्याज मागत नाही, कंपनीतील हिस्सा मागतो. कंपनी बुडाली तर त्याचा पैसाही बुडतो. ती वाढली तर त्याचा हिस्सा वाढतो. ह्या अर्थाने ते साहस आहे, हे मान्य केले पाहिजे. सावकारीला आपण ज्या शब्दांत झोडपतो तेच शब्द येथे वापरणे अशास्त्रीय होईल.

अमेरिकेत १९४६ साली स्थापन झालेली 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' ही अशा संघटित भांडवलाची आद्य संस्था मानली जाते. जॉर्ज डोरियो हे तिचे सूत्रधार. तिने १९५७ मध्ये 'डिजिटल इक्विपमेंट' ह्या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि त्याबदली ७० टक्के हिस्सा घेतला. पुढे त्या हिश्श्याचे कोट्यवधी डॉलर झाले. आपल्या देशात आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट ह्यांनी मिळून १९८८ मध्ये ह्या कामासाठी 'टीडीआयसीआय' ही संस्था काढली. म्हणजे भारतात ह्या क्षेत्राचा पाया घालण्यात सार्वजनिक वित्तसंस्थांचा मोठा हात होता. सेबीने त्यासाठी १९९६ मध्ये नियम केले आणि २०१२ मध्ये पर्यायी गुंतवणूक निधींचे नवे नियम आणले.

असा निधी चालविणारा माणूस बहुतांशी दुसऱ्याचा पैसा वापरतो. परदेशांतील विद्यापीठांचे कायम निधी, विमा कंपन्या, श्रीमंत कुटुंबे आणि निवृत्तिवेतन निधी त्याला पैसा देतात. कॅलिफोर्नियातील सरकारी कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधीही ह्या प्रकारात गुंतवणूक करतो. एका देशातील शिक्षकाची किंवा कारकुनाची म्हातारपणाची पुंजी अनेक हातांतून फिरत दुसऱ्या देशातील नोकरांवर हुकमत चालविणारे भांडवल होते, ही आपल्या काळातील विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

निधीची मुदत साधारणपणे दहा वर्षांची असते. व्यवस्थापक दर वर्षी सुमारे दोन टक्के खर्चासाठी घेतो आणि अखेरच्या नफ्यात त्याचा सुमारे वीस टक्के वाटा असतो. त्याने वीस कंपन्यांत पैसा घातला, तर बहुतेकींतून त्याला फारसे काही मिळत नाही. एखाद-दुसरीच्या जोरावर सगळ्यांचे नुकसान भरून निघते. म्हणून दर वर्षी पंधरा टक्के नफा देत शांतपणे चालणारा उद्योग त्याच्या उपयोगाचा नसतो. त्याला काही वर्षांत पन्नासपट होऊ शकेल असा उद्योग हवा असतो, आणि तसा तो झाला नाही तर मोडला तरी चालतो. संस्थापकाने पैसा मागायला जाण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच, की माझा धंदा ह्या जातीचा आहे काय? नसेल, तर त्याने त्या वाटेला जाऊ नये. बंगळूरची 'झिरोधा' ही दलाली पेढी २०१० मध्ये सुरू झाली आणि बाहेरच्या साहसी भांडवलावाचून मोठी झाली. ती वाटही आहे.

करारातील अंकगणित

आता वाटाघाटीकडे वळू. प्रथम 'टर्म शीट' म्हणून अटींचा एक लहानसा मसुदा येतो. त्यातील बहुतेक अटी कायद्याने बंधनकारक नसतात. पण एक अट बहुधा बंधनकारक असते. ठरावीक मुदतीपर्यंत, म्हणजे महिना-दोन महिने, संस्थापकाने दुसऱ्या कोणाशीही बोलणी करायची नाहीत. नंतर हिशेबांची तपासणी होते, वकील बसतात आणि भागधारकांचा मुख्य करार तयार होतो. एवढ्या काळात संस्थापकाच्या बँकेतील शिल्लक महिन्याच्या पगारांनी आटत जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन तरुणांच्या कंपनीचे मूल्य आठ कोटी ठरले आणि गुंतवणूकदाराने दोन कोटी घातले. एकूण दहा कोटी. त्याचा हिस्सा २० टक्के. तरुणांना वाटते, आपल्याकडे ८० टक्के राहिले. पण मसुद्यात पुढे लिहिलेले असते, की कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के भाग राखून ठेवावेत आणि ते संस्थापकांच्या हिश्श्यातून यावेत. म्हणजे त्यांच्याकडे ७० टक्केच उरले आणि त्यांच्या कंपनीचे खरे मूल्य आठऐवजी सात कोटी झाले. किमतीची घासाघीस जिंकल्याच्या आनंदात ही ओळ वाचायची राहून जाते.

दोन वर्षांनी दुसरा गुंतवणूकदार वीस कोटी घालतो आणि २५ टक्के घेतो. कागदोपत्री कंपनी ऐंशी कोटींची होते, आणि वर्तमानपत्रांत तोच आकडा छापून येतो. आता संस्थापकांकडे साडेबावन्न टक्के, पहिल्या गुंतवणूकदाराकडे १५, कर्मचाऱ्यांसाठी साडेसात. संस्थापक अजून बहुमतात आहेत. आता समजा, धंदा मंदावला आणि कंपनी तीस कोटींना विकावी लागली. साडेबावन्न टक्क्यांनी संस्थापकांना पावणेसोळा कोटी मिळावेत, अशी आपली सरळ समजूत. प्रत्यक्षात तसे होत नाही. गुंतवणूकदारांचे भाग अग्रहक्काचे असतात. आधी त्यांचे घातलेले पैसे परत, मग इतरांचे. दुसरा गुंतवणूकदार वीस कोटी उचलतो, पहिला दोन. उरले आठ. त्यांतील सात कोटी संस्थापकांचे आणि एक कोटी कर्मचाऱ्यांचे. आणि आधी पैसे परत घेऊन वर उरलेल्यातही टक्क्यांप्रमाणे वाटा घ्यायचा, असे कलम असेल, तर संस्थापकांना चार कोटी वीस लाख आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून साठ लाख मिळतात. टक्के तेच, विक्रीची किंमत तीच. एका कलमाने वाटप बदलले.

अग्रहक्क हा मुळातच अन्याय आहे, असे मी म्हणत नाही. ज्याने रोख पैसा घातला त्याने तो आधी परत मागावा, ह्यात काही तर्क आहे. पण एकपट परतफेड आणि तिच्यावर पुन्हा वाटा, ह्या दोहोंतील फरक संस्थापकाला सही करण्यापूर्वी कळला पाहिजे. आणि ज्या कर्मचाऱ्याला कमी पगाराच्या बदल्यात भाग देऊ केले जातात त्यालाही कळला पाहिजे.

पैशाच्या कलमांइतकीच सत्तेची कलमे महत्त्वाची असतात. संचालक मंडळावर कोणाचे किती सदस्य. नवे भाग काढणे, कर्ज घेणे, कंपनी विकणे, मोठ्या पगाराची नेमणूक करणे, वार्षिक अंदाजपत्रक संमत करणे ह्यांवर गुंतवणूकदाराला नकाराधिकार. संस्थापकाचे स्वतःचे भागही पुन्हा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने त्याचे व्हायचे, आणि मध्येच त्याला दूर केले तर उरलेले जायचे. ठरावीक बहुमताने विक्रीचा निर्णय झाला तर इतरांनीही आपले भाग विकलेच पाहिजेत. ही कलमे एकत्र वाचली, म्हणजे लक्षात येते की ज्याला आपण मालक म्हणतो तो काही बाबतींत पगारी नोकर झालेला आहे.

मुंबईला हे नवीन नाही. १८५४ पासून ह्या शहरात कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. पुढे त्यांचा कारभार मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीने चाले. एजंटाचे स्वतःचे भाग पुष्कळदा थोडे असत. पण दीर्घ मुदतीच्या कराराने कारभार त्याच्या हाती असे, आणि भागधारकांना लाभांश मिळो न मिळो, उत्पादनावर किंवा विक्रीवर त्याचे कमिशन चालू राही. ही पद्धती कायद्याने रद्द व्हायला एप्रिल १९७० उजाडावे लागले. भागांपेक्षा करार बलवान असतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिले होते.

पवईतील दोन उदाहरणे

आता आपल्या उपनगरांतील दोन प्रत्यक्ष घटना पाहू. २०१२ मध्ये पवईच्या आयआयटीतील बारा विद्यार्थ्यांनी घरे शोधण्यासाठी 'हाउसिंग डॉट कॉम' ही कंपनी काढली. मुंबईत भाड्याचे घर शोधताना दलालांकडून होणारा त्रास ही तिची प्रेरणा. कंपनी झपाट्याने वाढली. २०१४ च्या अखेरीस जपानच्या सॉफ्टबँकेने सुमारे ९ कोटी डॉलर घातले आणि ती सर्वांत मोठी भागधारक झाली. मुख्य कार्यकारी अधिकारी राहुल यादव ह्यांच्याकडे तोपर्यंत पाच टक्क्यांच्या आसपास भाग उरले होते. २०१५ च्या पूर्वार्धात त्यांचे गुंतवणूकदारांशी आणि संचालक मंडळाशी जाहीर खटके उडाले; त्यांनी राजीनामा दिला, मागे घेतला, मे महिन्यात आपले सगळे भाग दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना वाटून टाकण्याची घोषणा केली; आणि १ जुलै २०१५ रोजी संचालक मंडळाने त्यांना दूर केले. २०१७ च्या जानेवारीत ती कंपनी 'प्रॉपटायगर'शी एकत्र करण्याचे जाहीर झाले.

ह्या प्रकरणात वागण्याचा उतावळेपणा किती आणि भांडवलाची दांडगाई किती, ह्यावर पुष्कळ लिहिले गेले. आपण त्यात पडण्याचे कारण नाही. आपल्याला दिसते ते एवढे, की संस्थापक भाग वाटून देऊ शकला. पण कंपनीची दिशा ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती उरलेलाच नव्हता, म्हणून तो अधिकार त्याला कर्मचाऱ्यांना देता आला नाही.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. पवईतच आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी 'टायनीआउल' ही खाद्यपदार्थ मागविण्याची कंपनी काढली. नामवंत निधींनी तिच्यात पैसा घातला. शहराशहरांत कचेऱ्या निघाल्या, भरती झाली. मग पैशाचा ओघ आटला आणि २०१५ मध्ये टप्प्याटप्प्याने नोकरकपात सुरू झाली. नोव्हेंबरात पुण्याच्या कचेरीत कपातीची वार्ता घेऊन गेलेल्या एका संस्थापकाला कर्मचाऱ्यांनी हिशेब मिळेपर्यंत बाहेर जाऊ दिले नाही. त्या तरुणांपैकी कोणी युनियनचा सभासद नसेल. पण त्यांनी जे केले त्याला आपल्या भाषेत घेराव म्हणतात. आणि घेराव कोणाला घातला? विशी-पंचविशीतील अशा मुलाला, ज्याच्या हाती निर्णय पूर्णपणे नव्हता. ज्यांनी वाढीची घाई केली आणि नंतर हात आखडता घेतला, ते त्या खोलीत नव्हते. पुढच्या वर्षी ती कंपनी 'रोडरनर'मध्ये मिसळली आणि त्यातून झालेली 'रनर' २०१७ मध्ये झोमॅटोने घेतली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 'आयडियाफोर्ज' ही ड्रोन बनविणारी कंपनी २००७ मध्ये आयआयटीच्याच मुलांनी काढली. आयआयटीने २००४ मध्ये नवउद्योगांसाठी स्थापन केलेल्या 'साइन' ह्या संस्थेचा तिला आधार मिळाला. ती २०२३ मध्ये भागबाजारात आली. म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली. टेहळणीच्या उपयोगाचे यंत्र बनवायला जो धीर लागतो तो दहा वर्षांच्या निधीपाशी नेहमीच असतो असे नाही. तेथे सार्वजनिक संस्थेची सावली उपयोगी पडते.

वाटाघाटीत बळ कशाने येते?

संप लढविलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. संपात ज्याची शिदोरी अधिक दिवस पुरते त्याच्या बाजूने तडजोड झुकते. संस्थापकाचेही तसेच. बँकेत दीड वर्षाचा खर्च शिल्लक असताना जो बोलणी करतो तो अटी नाकारू शकतो; दोन महिन्यांचे पगार उरलेले असताना जो जातो तो समोर येईल ते स्वीकारतो. म्हणून गरज पडण्यापूर्वी पैसा उभारावा. दुसरे बळ पर्यायाचे : हाती दुसरा प्रस्ताव असला, किंवा ग्राहकांकडून येणाऱ्या पैशावर कंपनी चालत असली, तर शब्दाला वजन येते. तिसरे बळ माहितीचे. निधीने असे शंभर करार केलेले असतात. संस्थापक आयुष्यातील पहिला करार करीत असतो. त्याने स्वतःचा वकील नेमावा, ज्या कंपन्यांत त्या निधीचा पैसा बुडाला त्यांच्या संस्थापकांना भेटावे आणि वाईट दिवसांत हा माणूस कसा वागला हे विचारावे. आणि मूल्याच्या आकड्यासाठी अडून बसण्यापेक्षा परतफेडीचा अग्रहक्क, नकाराधिकारांची यादी आणि संचालक मंडळाची रचना ह्या तीन गोष्टींवर अडून बसावे. फुगलेले मूल्य पुढच्या फेरीत अंगावर येते. कारण ते मूल्य खाली आले तर जुन्या गुंतवणूकदाराला भरपाईचे जादा भाग देणारे कलमही करारात असते.

कर्मचाऱ्यानेही नोकरी धरताना तीन प्रश्न विचारावेत. मला मिळणारे भाग एकूण भागांच्या किती टक्के आहेत? माझ्या आधी किती रकमेचा अग्रहक्क उभा आहे? आणि मी नोकरी सोडली किंवा मला काढले, तर ते भाग घेण्यासाठी मला किती दिवस मिळतील व किती पैसे भरावे लागतील? ह्यांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर त्या भागांची किंमत शून्य धरून पगाराची बोलणी करावी.

आपण काय मागावे?

दुचाकीवरून माल पोचविणाऱ्याला तर भागही मिळत नाहीत. तो कंपनीच्या हिशेबी नोकरच नसतो, 'भागीदार' असतो. भांडवल उभारताना संस्थापक जी वाढ दाखवितो तीत ह्याच्या फेऱ्या मोजलेल्या असतात. कपात करताना पहिली कात्री ह्याच्या दरावर चालते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांचे अस्तित्व कायद्यात प्रथमच मान्य केले आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यावी अशी तरतूद केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ती वर्गणी प्रत्यक्ष जमा होते की नाही, हे पाहणे हे उपनगरांतील आपल्या शाखांचे काम आहे.

परंतु वर्गणीने भागणार नाही. वाटाघाटीच्या मेजावर दोनच पक्ष असतात आणि तिसऱ्याचे भवितव्य ठरते. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे राज्यघटनेच्या ४३-अ ह्या अनुच्छेदाने १९७६ पासून सांगितलेले आहे. त्याच वर्षी जर्मनीने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा केला. आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँकांच्या मंडळांवर कामगार संचालकाची तरतूद झाली. आणि कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जच्या कामगारांनी तर १९८८ मध्ये बंद पडलेला कारखाना सहकारी तत्त्वावर आपल्या ताब्यात घेण्याची योजना मंजूर करवून घेतली. त्यासाठी आपल्या भविष्य निर्वाह निधीतला पैसा घातला आणि बँका व सरकार ह्यांच्याशी समोरासमोर बोलणी केली. तो प्रयोग पुढे अडचणीत आला हे खरे. पण भांडवल उभारण्याची आणि त्याच्या अटी ठरविण्याची अक्कल कामगारांना नसते, हे म्हणणे त्याने खोटे पाडले.

म्हणून माझी सूचना अशी. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सिडबीमार्फत दहा हजार कोटींचा निधी ह्या क्षेत्रासाठी उभारला. २०२५ च्या अर्थसंकल्पात तेवढाच आणखी एक जाहीर झाला. हा पैसा खाजगी निधींमार्फत कंपन्यांत जातो. जनतेच्या पैशाला जनतेच्या अटी असल्या पाहिजेत. ज्या कंपनीत असा पैसा जातो तिच्या संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांचा एक निवडलेला प्रतिनिधी असावा. कपात करायची झाल्यास थकीत वेतन आणि नुकसानभरपाई गुंतवणूकदारांच्या अग्रहक्काच्या आधी चुकती व्हावी. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या भागांपुढील अग्रहक्काची रक्कम दर वर्षी लेखी कळवावी. ह्या तीनही मागण्या माफक आहेत. त्यांनी कोणाचे साहस मारले जात नाही.

नवउद्योग काढणारा तरुण आपला शत्रू आहे, असे मानून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. तो पुष्कळदा आपल्याच घरातला आहे आणि बलाढ्य पक्षासमोर एकटा बसून वाटाघाटी करीत आहे. एकट्याने केलेल्या वाटाघाटीचे काय होते, हे कामगार चळवळीइतके कोणाला ठाऊक आहे? तेव्हा शाखांनी कायदा जाणणाऱ्या मित्रांची मदत घेऊन करार वाचून देण्याची मोफत केंद्रे चालवावीत. तेथे संस्थापकही यावा, आज्ञावली लिहिणारी मुलगीही यावी आणि माल पोचविणाराही. तिघांनी एकाच मेजावर बसून एकच करार वाचला, तर आपण कोणाशी आणि कशासाठी बोलणी करायची, हे त्यांचे त्यांनाच कळू लागेल.